दूध-भाकरीचं मुंगूस

आमच्या मोठ्या मामांइतका स्वच्छ माणूस पैनगंगेच्या अलीकडे, म्हणजे आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, दुसरा झाला नाही. आणि त्यांच्या स्वच्छतेने जितकी माणसं दुखावली, तितकी कुणाच्या घाणीने दुखावली नसतील. पांढराशुभ्र पायजमा, पांढरा सदरा, दोन्ही कोळशाच्या इस्त्रीने स्वतः कडक केलेले. कुठे बसायचं झालं तर आधी रुमालाने जागा झटकायची, मग त्यावर वर्तमानपत्र, मग मामा. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या गल्ल्यांतून माणसं पोटरीपर्यंत चिखल घेऊन घरी येत, पण मामांच्या पायजम्यावर ठिपका सापडायचा नाही. हे त्यांना कसं जमतं ते कुणालाच कळलं नाही. मामी म्हणायची, "चिखल बी भेते त्याहिले, मंग माही काय कथा."

मामा कचेरीत कारकून होते आणि जुन्या कागदांची खोली त्यांच्या ताब्यात होती. लहानपणी, निजामाच्या अमदानीत, त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. त्यामुळे जमिनींचे जुने कागद वाचू शकणारा कचेरीत त्यांच्याशिवाय कुणी उरला नव्हता. ज्यांच्या घरची ओसरी मामांच्या बापाला कधी चढू दिली नाही, त्यांचीच मुलं-नातवंडं बांधाची भानगड निघाली की मामांच्या टेबलापुढे उभी राहत. मामा त्यांना खुर्ची देत. मग स्टोव्हवर स्वतःच्या हाताने चहा करत, कपबशी पुढे ठेवत आणि हाताची घडी घालून बसत. समोरच्याचा चहा संपल्याशिवाय मिसल, म्हणजे त्या प्रकरणाची फाइल, उघडायची नाही असा त्यांचा कायदा होता. एखादा म्हणे, "बाबू, मी चहा घेत नाही." मामा अतिशय अदबीने म्हणत, "नका घेऊ. मिसल कुठं पळून चालली? उद्या या." उद्या पुन्हा चहा. जैनथकडच्या एका म्हाताऱ्या जमीनदाराने तीन दिवस दम धरला आणि चौथ्या दिवशी डोळे मिटून एका घोटात कप रिकामा केला. मामांनी त्याचा कागद असा मन लावून वाचून दाखवला की त्याच्या घरातलं तीन पिढ्यांचं भांडण मिटलं. लाच त्यांनी कुणाची घेतली नाही, चहा तेवढा पाजला. त्या कपभर चहात त्यांना काय मिळायचं ते मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

पण हाच कायदा उलटा होऊन आमच्या घरी आला की माझं डोकं फिरायचं. आमच्या वस्तीने धम्म घेतला त्या वर्षी मेलेली ढोरं ओढणं बंद झालं आणि त्यांचं मांस खाणंही बंद झालं. माझी माय म्हणजे मामांची थोरली बहीण. मांस वाहून आणायची टोपली तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने चुलीत घातली होती. पुढे बरे दिवस आल्यावर लोक बाजारातून बकऱ्याचं मटण आणू लागले, रविवारी घरोघर मसाला वाटला जाऊ लागला, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. मामांना दिसलं. त्यांनी मटण, कोंबडी, मासळी, अंडं, सगळ्यालाच हात जोडले. म्हणायचे, "बकऱ्याचं हाय का मेल्या ढोराचं, हे कोन इचारते? लोकायले डोये नसतात, नुसतं नाक असते." इथवर ठीक होतं. पण ज्या घरात मटण शिजतं त्या घरचं पाणीही त्यांना चालेना. आमच्याकडे येताना ते स्वतःचा तांब्या घेऊन येत आणि ओट्यावरच बसत. माय पाण्याचा तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवायची. मामा म्हणायचे, "तहान नाही, बाई," आणि पाच मिनिटांनी आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचे. दुसऱ्याच्या घरातल्या वेगळ्या कपापायी ज्याने उभा जन्म जाळून घेतला, त्याने सख्ख्या बहिणीशी असं वागावं, याचा मला संताप यायचा. मायला यायचा नाही. ती दर खेपेला तांब्या नव्याने घासून ठेवायची, जणू चूक तांब्याचीच होती.

कचेरीसमोरच्या हॉटेलात बाकावर एक पाटील बसायचे. जमीन भरपूर, काम काही नाही, जीभ मोकळी. एकदा मामांच्या कपड्यांकडे बघून ते हसत हसत म्हणाले होते, "बाबू, कपडे किती बी धुवा, रगत थोडंच धुतल्या जाते?" बाकावरची माणसं हसली. मामांना उत्तर लगेच कधीच सुचत नसे; कचेरीतल्या अर्जासारखं ते फिरून फिरून बऱ्याच दिवसांनी निघायचं. हे उत्तर निघायला वर्ष लागलं, आणि ते निघालं ते चार पायांवर.

झालं असं, की कागदांच्या खोलीमागे एक मुंगशीण मरून पडली आणि तिचं डोळे न उघडलेलं पिल्लू मामांच्या हाती लागलं. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्यांनी ते जगवलं. मोठं झाल्यावर ते मागच्या दोन पायांवर उभं राहून, पुढचे पाय छातीशी धरून मामांकडे बघत बसे. जुन्या काळी साहेबापुढे कागद ठेवणारा पेशकार असाच अदबीने उभा असायचा, म्हणून मामांनी त्याचं नाव पेशकार ठेवलं. पेशकाराचा आहार म्हणजे सकाळी दूध-भाकरी, दुपारी वरणभात, उन्हाळ्यात थोडा आमरस. मामा त्याला रोज कचेरीत नेत, आणि तिथली कागदांची खोली उंदरांनी पोखरली होती. लोकांना वाटलं, मामांनी मुंगूस पाळलं ते त्यासाठीच. पण पेशकाराने उंदराकडे नुसतं पाहिलं तरी मामा त्याच्या गळ्यातल्या सुतळीला हिसका देत. उंदरांनाही हळूहळू या पाहुण्याचा अंदाज आला. पुढे पुढे पेशकार वाटीतलं दूध पीत असे आणि दोन हातांवर उंदीर निजामाच्या काळातली सबंध गावं कुरतडत बसत.

आल्यागेल्याला मामा चहाबरोबर आता पेशकारही दाखवू लागले. "लोक म्हन्तात, रगत बदलत नाही. हे पाहा. मुंगशिनीच्या पोटचं हाय, पन उंदराले हात लावत नाही. सगळी सवय हाय, दुसरं काही नाही." ऐकणाऱ्याला समजायचं की हे मुंगसाबद्दल चाललेलं नाही. तो मान डोलावून चहा संपवायचा. हॉटेलातल्या बाकापर्यंतही हे रोज पोचत होतं, किंबहुना तिथे पोचावं म्हणूनच चाललं होतं. पेशकार म्हणजे मामांनी पाटलांना दिलेलं उत्तर होतं.

दीड वर्षाने उत्तर लंगडायला लागलं. पेशकाराचे मागचे पाय ओढत राहायचे, केस झडले, आणि दोन पायांवर उभं राहणं तर संपलंच. मामा त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी नुकताच मास्तर झालो होतो, सुट्टी होती, म्हणून बरोबर गेलो. डॉक्टर तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलायचे. पेशकार काय खातो हे ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली. "ये बैल है क्या, सार? ये मांस खानेवाला जानवर है. पच्ची मांसम, कच्चा मांस देना, हड्डी के साथ. नहीं तो महीने भर में जाएगा." मामांनी विचारलं, ताकदीची गोळी नाही का? डॉक्टर म्हणाले, "गोली से नहीं होता, सार." मामा टोपली उचलून बाहेर आले आणि कडुनिंबाखाली बराच वेळ उभे राहिले. जागा झटकली नाही, म्हणून बसले नाहीत.

चार दिवसांनी मला त्यांची चिठ्ठी आली. एका कारकुनाने आपल्या भाच्याकडे मांस कसं मागावं याचा तो नमुना होता. "अर्ज असा की, बीमार जनावराच्या इलाजासाठी कच्चा गोश्त दरकार आहे. सबब, आपण बाजारातून आणून, वास न येईल अशा बंदोबस्ताने, पोहोचता करावा." मी खूप हसलो, आणि मग मला वाईट सुचलं. मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "मांस दर रविवारी आमच्या घरी येतंच. मायच्या हातून घेऊन जावं." इतक्या वर्षांचा राग मी त्या दोन ओळींत काढला. मामा आले नाहीत. बाजाराच्या दिवशी ते स्वतःच मटणवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले.

तो प्रसंग मी सायकलच्या दुकानातून पाहिला. मामांनी मांस आधी पानात, मग वर्तमानपत्रात, मग कापडी पिशवीत घातलं होतं, पिशवीत कापूर टाकला होता आणि ती अंगापासून लांब धरली होती. पण बाजाराच्या गर्दीत पिशवी किती वेळ लांब राहणार? हॉटेलासमोर आले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर कमरेपाशी हाताएवढा लाल डाग पडला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पाटलांना होता. "काय बाबू, बजार केला वाटते? शेवटी रगत रगतावर गेलं म्हना." मामांनी खाली पाहिलं. डाग पाहिला. बाकावरची माणसं पोट धरून हसली. मी रस्ता ओलांडून जायला हवं होतं. मी सायकलचं चाक तपासत राहिलो.

पुढचं मामीने सांगितलं. मामांनी अंगणात पत्र्याच्या तुकड्यावर मांस ठेवलं, नाकाला रुमाल बांधला आणि पेशकाराला सोडलं. तो पाय ओढत गेला, वास घेतला, शिंकला, मागे सरला आणि रिकाम्या दुधाच्या वाटीपाशी जाऊन बसला. पुन्हा नेलं, पुन्हा परत. तोंडाजवळ तुकडा धरला तर मान फिरवली. आणि मामी सांगते की मामांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी रुमाल काढला, पेशकाराला टोपलीत घातलं, मांसाचा पत्रा दुसऱ्या हातात घेतला आणि त्याच डागाच्या सदऱ्यावर थेट हॉटेल गाठलं. मी अजून तिथेच होतो. भर बाजारात, पाटलांच्या पायाशी त्यांनी टोपली ठेवली, पुढे पत्रा ठेवला. "पाहून घ्या सगळ्यायनं. सकाळपासून उपाशी हाय. मांस समोर हाय. खाते का पाहा." पेशकाराने मांसाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो लुळे पाय ओढत मामांच्या बाहीवर चढायची धडपड करत होता. बाकावरची माणसं उठून जवळ आली. मामांचा चेहरा इतका आनंदी मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पाटलांनी बशीतला चहा संपवला, वाकून टोपलीत पाहिलं आणि म्हणाले, "नाही खात, खरं हाय तुमचं. मंग मरन ना ते." त्यात टोमणा नव्हता. माणूस खरोखरच कळवळून बोलला होता, आणि म्हणूनच ते मामांना लागलं. ते तिथेच उकिडवे बसले, जागा न झटकता, आणि तुकडा पेशकाराच्या तोंडाशी धरून हळू आवाजात म्हणाले, "खाय रे बाबा. हारलो मी. खाय."

तिथून ते आमच्या घरी आले, मागोमाग मी. ओट्यावर थांबले नाहीत, थेट चुलीपर्यंत आले. वीस वर्षांत पहिल्यांदा. "बाई, हे खाऊन नाही राह्यलं." एवढंच बोलले.

मायने टोपलीत डोकावून पाहिलं. "कसं खाईन? चवच माहीत नाही त्याच्या तोंडाले."

"मंग?"

"मंग शिकवा लागते."

तिने विळीवर मांस अगदी बारीक केलं. वाटीत दूध-भाकरी कुस्करली, त्यात चिमूटभर मांस घातलं आणि ते कुठे आहे हे दिसूच नये इतकं बोटांनी कालवलं. बोटाच्या टोकावर घेऊन तिने ते पेशकारापुढे धरलं. त्याने आधी चाटलं, मग खाल्लं.

मामा पाहत राहिले. "तुले हे कसं माहीत, बाई?"

"तुलेच चारलं ना असं," माय वर न बघता म्हणाली. "दुष्काळाचं साल होतं. तू तीन वर्साचा होता. ढोराचं मांस तोंडात घातलं की थुकून द्यायचा. दुसरं काय होतं घरात? चतकोर भाकर. तिच्यावर थोडाच जगला असता? मायबाप रोजीले जात, अन् मी भाकरीच्या चुऱ्यात असं चिमटी-चिमटी कालवून चारो. आठ दिवस लागले. तुले समजलं बी नाही."

मायने दुसरं बोट पेशकारापुढे धरलं. "थुकत होता त्यात तुहं काही चुकत नव्हतं, बापू. पन मले तू जिता पाहिजे होता."

दारापाशी तिने सवयीने तांब्या भरून ठेवलेला होता. मामांचा तांब्या त्या दिवशी घरी राहिला होता. उन्हातून आलेला माणूस, ओठ कोरडे पडलेले. मला वाटलं, आता तरी. मामा तांब्यापाशी थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या येतो, बाई."

पेशकारालाही बरोबर आठच दिवस लागले. चिमटीची मूठ झाली, भाकरी कमी कमी होत गेली, आणि नवव्या दिवशी त्याने कोंबडीची मान हाडांसकट कडाकडा फोडून खाल्ली. महिन्याभरात तो पुन्हा दोन पायांवर उभा राहून पेशकारी करू लागला. मात्र मामांच्या घरात मांस जाणं शक्य नव्हतं, म्हणून तो आमच्याकडेच राहिला. मामा रोज कचेरी सुटली की यायचे, ओट्यावर वर्तमानपत्र घालून बसायचे, शेजारी स्वतःचा तांब्या. पेशकाराच्या जेवणाच्या वेळी ते पाठ फिरवून बसत आणि रस्त्याकडे बघत विचारत, "खाल्लं का?" माय म्हणायची, "खाल्लं." पहिला उंदीर त्याने आमच्या कौलांवर धरला त्या दिवशी मामांनी तोंड वाकडं केलं, पण जाता जाता मला हळूच विचारलं, "केवढा होता?" मी हाताने दाखवला त्याहून मोठा उंदीर दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांनी ऐकला.

पण एक गोष्ट तेव्हापासून बंद पडली. कचेरीत मामांनी चहा करणं सोडलं. येईल त्याची मिसल ते मुकाट्याने उघडून वाचून देऊ लागले. कुणी स्वतःहून म्हणालं, "बाबू, आज चहा नाही?" तर म्हणत, "स्टोव्ह बिघडला." स्टोव्ह चांगला होता. हॉटेलासमोरून जाणंही त्यांनी टाळलं. मागच्या गल्लीतून लांबचा वळसा घेऊन यायचे, आणि तिथल्या चिखलाचे ठिपके मी त्यांच्या पायजम्यावर पहिल्यांदा पाहिले. वास्तविक पाटलांची बोलती त्यांनीच बंद केली होती. सगळ्या बाजाराने पाहिलं होतं की रक्तात काही नसतं. पण ते जिंकणं त्यांना कधी वापरता आलं नाही, कारण ते आठवलं की त्याच्या मागोमाग बहिणीची बोटं आठवायची. असा माझा अंदाज. विचारायची हिंमत मी केली नाही. त्या चिठ्ठीमागच्या माझ्या दोन ओळी आड येत होत्या.

पाच-सहा वर्षं पेशकार आमच्याकडे राजासारखा राहिला. मग एका पावसाळ्यात कुंपणापलीकडे गेला तो परत आला नाही. मामा तोवर निवृत्त झाले होते. मला वाटलं, आता यांचं येणं संपलं. पण दुसऱ्या दिवशी साडेपाचला मामा ओट्यावर हजर. मी जरा खवचटपणेच विचारलं, "मामा, आता काय पाहायला आलात?" ते म्हणाले, "पाय वळतात." माय आतून तांब्या घेऊन आली. मामा म्हणाले, "तहान नाही, बाई." हे पुढे तीन वर्षं चाललं. दोघं बसायची, कापसाच्या आणि पावसाच्या गोष्टी करायची, आणि मधे तो भरलेला तांब्या असायचा. दिवेलागणीला मामा गेले की माय त्यातलं पाणी दारच्या मोगऱ्याला घालायची. आमचा मोगरा वस्तीत सगळ्यात मोठा झाला होता.

माय गेली ती थंडीत, दोन दिवसांच्या तापाने. तिला पोहोचवून आल्यावर लोक पांगले. तिसऱ्या दिवशी साडेपाचला मामा आले. वर्तमानपत्र आणलं नव्हतं. तसेच ओट्यावर बसले. हातात तांब्याही नव्हता. थोड्या वेळाने म्हणाले, "पानी दे रे."

देऊ नये असं मला वाटलं. इतकी वर्षं तिने घासून-भरून ठेवलं तेव्हा तहान नव्हती, असं ओठांवर आलं होतं. पण मी आत गेलो, मायचा तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला. लहानपणी यांना लोकांनी नेहमी वरून ओंजळीत ओतून पाणी पाजलं होतं, म्हणून कुणाच्या भांड्याला ते तोंड लावत नसत. त्या दिवशी मामांनी तांब्या दोन्ही हातांत धरला, तोंड लावलं आणि सगळा पिऊन टाकला. पाणी गळ्यावरून सदऱ्यावर सांडलं, ते त्यांनी झटकलं नाही. रिकामा तांब्या पुढे करून म्हणाले, "अजून दे." मी दिला. तो संपवून त्यांनी पुन्हा तांब्या पुढे केला. म्हातारा माणूस, थंडीचे दिवस, इतकं पाणी प्यायचं नसतं हे मला कळत होतं. तरी मी आत जाऊन तांब्या भरून आणला.